एकाच हवेतले दोघे

क्लिओफस गँटने घोटलेला कोबा लांबूनही ओळखता येत असे. टोलिव्हर्स फेरी गावच्या शाळेची पायवाट, बेथेल चर्चचं तळघर, नदीकाठच्या गोदामाचा धक्का ही सगळी त्याची कामं. कडेवरून तळहात फिरवला तर कुठे खरखर लागत नाही. पावसाचं पाणी साचत नाही, सरळ उताराला लागतं. ओल्या काँक्रीटवर स्वतःचं नाव कोरणाऱ्यांचा त्याला राग येई. तेवढा वेळ त्यांनी कोपऱ्यांना द्यावा, असं तो म्हणे.

या कामातली अंगमेहनत सगळ्यांना दिसते, थांबणं कुणाला दिसत नाही. काँक्रीट ओतलं, पट्टी मारली, लाकडी रंधा फिरवला की वर पाणी येतं आणि चकाकतं. नवशिका त्या चकाकीला भुलून लगेच पोलादी थापी चालवतो. पाणी आतच कोंडतं आणि पहिल्याच थंडीत वरचे पापुद्रे सुटतात. फार थांबलं तर थापी नुसती खरडते, मग कितीही जोर लावा. या दोन्हींच्या मधे जी वेळ असते तिच्यात दोन माणसांनी समोरासमोर गुडघे टेकून, न बोलता, फळ्या मागे सरकवत काम संपवायचं असतं. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात ही वेळ फार थोडी मिळते.

क्लिओच्या समोर गुडघे टेकून बसणारा माणूस तीस वर्षं एकच होता. ड्वाइट हेंब्री. तो गोरा, क्लिओ काळा. सुरुवातीला दोघं जेवायला वेगवेगळ्या ट्रकमागे बसत, मग कधीतरी एकाच ट्रकमागे बसू लागले. सिगरेट एकाच जातीची ओढत आणि पाकीट ज्याचं जवळ असेल त्याचं उघडत. सिमेंटची धूळ दोघांनी सारखीच गिळली. शनिवारची व्हिस्कीही सारखीच, फक्त घरं वेगळी. एकमेकांच्या घरात मात्र ते क्वचितच गेले.

ठेकेदाराने धंदा गुंडाळला तेव्हा दोघं साठीला टेकले होते. हेंब्रीची बायको शर्लीन शाळा खात्याच्या ऑफिसात होती, तिच्या नोकरीच्या आरोग्य विम्यात तो बसत असे. क्लिओची बायको व्हर्नेल म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं न्हाऊमाखू, खाणंपिणं बघे. त्या कामाला विमा नव्हता. क्लिओ लहानसहान अंगणं, पायऱ्या करत राहिला.

त्याआधीच काही वर्षं हेंब्रीच्या घशात काहीतरी निघालं होतं. एक अख्खा मोसम तो कामावर आला नाही. आला तो वाळून आला, आणि भर उन्हातही सदऱ्याचं वरचं बटण लावून बसायचा. कामावर बातमी अशी होती की त्याला मशीनखाली ठेवून शेकलं आणि तो बरा झाला. क्लिओने विचारलं नाही. हेंब्रीने सांगितलं नाही. दोघांनी फळ्या मांडल्या आणि कामाला लागले.

क्लिओला पहिल्यांदा दुखला तो उजवा कान. पासष्टावं नुकतंच लागलं होतं. मग जबड्याखाली एक गाठ आली. आमच्या भागात अशा सगळ्याला उठाणू म्हणतात. काखेत आलं, मांडीवर आलं, मानेवर आलं, सगळं उठाणूच. ते वर येतं, पिकतं, फुटतं. लवकर पिकावं म्हणून डुकराच्या खारवलेल्या चरबीचा काप त्यावर बांधतात. व्हर्नेलने तो बांधला. आठवडाभर क्लिओ मानेला फडकं गुंडाळून हिंडला आणि कुत्री त्याच्या मागे लागली. उठाणू पिकलं नाही. ते दुखतही नव्हतं, आणि म्हणूनच त्याने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मग तो गावच्या दवाखान्यात गेला. तिथल्या तरुण डॉक्टरने गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला डॉक्टर दुसरा होता, त्यानेही गोळ्या दिल्या. तिसऱ्याने दाताचा संशय घेतला. दात काढला, गाठ राहिली. शेवटी मेकन शहरातल्या घशाच्या डॉक्टरकडे नाव घातलं. तारीख मिळाली ती पार पुढच्या ऋतूतली. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. क्लिओ मनात म्हणाला, बरंच झालं, तोवर पासष्ट पूर्ण होतील, सरकारी विम्याचं कार्ड येईल. या सगळ्यात त्याच्याशी कुणीही वाईट वागलं नाही. प्रत्येकाने त्याला मिस्टर गँट म्हटलं, प्रत्येकाने हात मिळवला. तरी गाठ अक्रोडाएवढी होती ती लिंबाएवढी झाली.

व्हर्नेल एकदा म्हणाली, आपण सिसला सांगू या. क्लिओने तोंडातला घास बाजूला घेतला.

"सिसला सांगू नकोस. चाकू घेऊन येईल."

गँट घराण्यात हा जुना विनोद होता. कुणाला खोकला झाला, कुणाच्या पोटात दुखलं, की दुसरा हेच म्हणे, आणि सगळे हसत. सिस म्हणजे क्लिओची थोरली बहीण ओला मे, तेव्हा ब्याऐंशीच्या घरात होती. ती स्वतः या विनोदावर कधी हसली नाही. कधी रागावलीही नाही.

विनोदाच्या मागे लूशियस होता, त्यांचा सगळ्यात मोठा भाऊ. लाकडाच्या गिरणीत करवतीवर कामाला असे. क्लिओ पंधरा वर्षांचा असताना लूशियसचा घसा धरला आणि सुटेना. तेव्हा सिस जिल्ह्याच्या हॉस्पिटलात कपडे धुवायला होती. काळ्या लोकांचा वॉर्ड तिथे मागच्या बाजूला, तळघरात असे. तिने एका सर्जनला गाठलं, आईचं न ऐकता लूशियसला नेलं आणि भरती केलं. सर्जनने गळा उघडला, पाहिलं आणि परत शिवला. लूशियस महिनाही जगला नाही.

आई म्हणाली, चिरलं नसतं तर वाचला असता. आत होतं तोवर ते झोपलं होतं, हवा लागली आणि पसरलं. हे आईचं एकटीचं म्हणणं नव्हतं. आमच्यातल्या प्रत्येक घरात असा कुणीतरी होता, जो चालत हॉस्पिटलात गेला, उघडला गेला आणि पेटीतून परत आला. त्यामुळे हवा लागते हे कुणाला शिकवावं लागत नसे. आईने त्यानंतर ओला मेच्या हातचं औषध घेतलं नाही. ती मरताना ओला मे दारात उभी होती आणि पाणी पाजलं ते धाकट्या सुनेने, व्हर्नेलने.

मेकनच्या डॉक्टरची तारीख आली. त्याने नळी घालून आत पाहिलं, सुई टोचली आणि आठवड्याने दोघांना समोर बसवून सांगितलं. जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे, मानेतली गाठ त्याचीच. त्याने अटलांटाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे डॉक्टर प्रिचर्ड नावाच्या सर्जनबाई होत्या. त्यांनी चित्र काढून समजावलं: आधी कापून जेवढं निघेल तेवढं काढायचं, मग किरणांनी शेकायचं.

क्लिओने चित्राकडे पाहिलं आणि नुसतं शेकायचं असेल तर मी तयार आहे, असं सांगितलं. माझ्या ओळखीच्या माणसाला नुसतं शेकलं आणि तो बरा आहे. बाई म्हणाल्या, त्या माणसाचं मला माहीत नाही, पण तुमच्या गाठीला नुसतं शेकून भागेल असं मला वाटत नाही. फार दिवस विचार करू नका.

परत येताना व्हर्नेल गाडी चालवत होती. मेकन ओलांडल्यावर तिने विचारलं.

"कापून घ्यायचं नाही ना तुला?"

"लूशियसला कापलं होतं."

"आणि नाही कापलं तर?"

"तर निदान गळा बंद राहील."

"बंद गळ्याने मेलास तर मी काय करू, क्लिओ? कौतुक करू?"

घरी येऊन त्याने मागच्या अंगणातल्या पायरीचा तुटलेला कोपरा फोडला आणि नवा भरला. काम चोख झालं. व्हर्नेल खिडकीतून ते बघत राहिली आणि तिचा राग वाढत गेला.

दोन दिवसांनी तो हेंब्रीकडे गेला. कापणं नको हे ठरलंच होतं. शेकणं कसं असतं तेवढं त्याला विचारून घ्यायचं होतं. हेंब्री गाडी ठेवायच्या छपराखाली उलट्या बादलीवर बसून मासे धरायच्या गळांचा गुंता सोडवत होता.

"ये," तो म्हणाला. "मेलास असं ऐकलं."

"तुला न विचारता कसा मरेन?"

क्लिओने दुसरी बादली उलटी केली. हेंब्रीने त्याच्या मानेकडे पाहिलं आणि नजर परत गळांवर नेली. मग शेकण्याचं सांगू लागला. तोंड कोरडं पडतं, वर्षभर जेवणाला चव नसते, शर्लीनची बिस्किटं भुशासारखी लागायची, अर्थात ती आधीही थोडीफार तशीच होती. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला खिळवून ठेवतात, डोळे मिटून घ्यावेत हे बरं. पण टाके काढताना जितका त्रास झाला तितका काही...

"कसले टाके?" क्लिओने विचारलं. "शेकायला टाके कशाला लागतात?"

"शेकायच्या आधी चिरलं की मला. इथून इथपर्यंत."

"कामावर तर सगळे म्हणत होते नुसतं शेकलं."

"कामावर सगळे मी दारू सोडली असंही म्हणत होते."

हेंब्रीने सदऱ्याचं वरचं बटण काढलं, मग दुसरं. कानामागून निघून गळपट्टीच्या हाडापर्यंत एक पांढरी रेघ गेली होती. रेघेखालची मान खोलगट होती, तिथलं मांस काढून घेतलेलं दिसत होतं. एखादा सांधा तपासावा तसा क्लिओने ती वाकून पाहिली. वरून खाली, मग खालून वर.

"हात लावू?"

"लाव. पण आटप लवकर. शर्लीनने खिडकीतून बघितलं तर मी तिला काय सांगू?"

क्लिओने बोट फिरवलं. रेघ गुळगुळीत होती. कुणीतरी वेळेवर केलेलं, चांगल्या हाताचं काम होतं ते.

"म्हणजे पूर्ण उघडा केला होता तुला," तो म्हणाला. "हवा लागली असेल."

"हवा?"

"उघडलं की हवा लागते. मग पसरतं."

हेंब्री थोडा वेळ आठवत राहिला. "माझी आजी म्हणायची असं काहीतरी."

"मग?"

"मग काही नाही. आमच्याकडची माणसं कापून घ्यायला जायची आणि घरी परत यायला लागली. हळूहळू कुणी म्हणेनासं झालं."

क्लिओने हात मागे घेतला. तुला किती लवकर चिरलं, असं त्याने विचारलं. हेंब्रीने सांगितलं की दाताच्या डॉक्टरला जिभेमागे काही दिसलं, शर्लीनच्या ऑफिसच्या विम्याचं कार्ड होतं, महिना संपायच्या आत सगळं उरकलं. सांगता सांगता तो अडखळला. गळांचा गुंता त्याने मांडीवर ठेवला.

"आणि तू, क्लिओ? तू इतके महिने कुठे होतास?"

"रांगेत."

थोड्या वेळाने हेंब्रीने बटणं लावली.

क्लिओ ट्रकमध्ये जाऊन बसला, पण चावी फिरवायला त्याला वेळ लागला. एकच काम, एकच सिगरेट, एकच धूळ. हवाही एकच. ती हेंब्रीच्या उघड्या गळ्याला लागली आणि हेंब्री गळ सोडवत बसला आहे. लूशियसलाही तीच लागली. मग लूशियसला मारलं कुणी? आणि हवेने मारलं नसेल, तर ओला मेनेही मारलेलं नव्हतं. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जड होतं. पन्नास वर्षं त्या घरात सगळे ज्या जमिनीवर उभे होते, ती त्याच्या पायाखाली पोकळ वाजली.

तो पूल ओलांडून बहिणीच्या घरी गेला. ती ओसरीत परातीत शेंगा सोलत बसली होती. तिला आता जवळचं नीट दिसत नसे, पण शेंगा हातालाच कळत. क्लिओने मानेचं फडकं सोडलं. तिने हात पुढे करून गाठ चाचपली, मग बोटांचा वास घेतला.

"चरबी कुणी बांधली?"

"व्हर्नेलने."

"घेवड्यात घातली असती तर कामी तरी आली असती."

तो खालच्या पायरीवर बसला. सरळ विचारणं त्याला जमेना, म्हणून आधी शेंगांचं विचारलं, छपराच्या गळतीचं विचारलं. ती हूं हूं करत राहिली. मग एकदम त्याने विचारून टाकलं, लूशियसला उघडल्यावर डॉक्टर तुला काय म्हणाला होता?

ओला मेचे हात थांबले.

"हे मला आजवर कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी मलाच सांगितलं, काय झालं ते."

"मी विचारतोय."

"बोळात भेटला मला. हात पुसत होता. म्हणाला, आत सगळीकडे गेलंय, मी हात घातला नाही. हिवाळ्याआधी आणला असता तर घातला असता."

"हिवाळ्याआधी?"

"हिवाळाभर लूशियस गिरणीच्या डॉक्टरकडे जात होता. तो घशाला जांभळं औषध लावून परत पाठवायचा. दर शनिवारी. आई पाठवायची त्याला. घरी पोटिस पण तीच बांधायची."

"मग तू आईला सांगितलं का नाहीस?"

तिने एक शेंग उचलली, सोलली नाही.

"काय सांगू? तुझ्या शनिवारांनी मेला म्हणून? माझ्यावर चिडून ती जेवत होती, चर्चला जात होती. स्वतःवर चिडली असती तर उठली नसती. मी तरुण होते. मला झेपेल असं वाटलं."

क्लिओ पायरीकडे पाहत राहिला. ती पायरी त्यानेच केलेली होती, त्यामुळे तिच्यात बघण्यासारखं काही सापडेना. चाकूचा विनोद त्याने स्वतः किती वेळा केला होता, आणि तीही कधी कधी त्याच टेबलाशी बसलेली असायची.

"सिस, मला अटलांटाला नेशील?"

"मी कशी नेऊ? मला समोरची गाय दिसत नाही."

"गाडी व्हर्नेल चालवेल. तू नुसती बस."

"बसायला मी कशाला?"

"डॉक्टर काय म्हणते ते ऐकायला. आपल्याकडे ते तुझ्याशिवाय कुणी नीट ऐकलेलं नाही."

तिने परात बाजूला सारली आणि विचारलं की किती वाजता निघायचं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर प्रिचर्डसमोर तिघं बसली. क्लिओने एकच गोष्ट विचारली: घट्ट किती झालंय? बाईंना कळलं नाही. व्हर्नेलने सांगितलं, हा काँक्रीटवाला आहे, अजून थापी फिरेल की नुसती खरडेल असं विचारतोय. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कडा घट्ट झाल्यात, मधे अजून जागा आहे. तुम्ही पहिल्यांदा गोळ्या घेतल्या तेव्हा आला असतात तर मी याहून चांगलं बोलले असते.

ओला मेने तेव्हा तोंड उघडलं. आमच्यातली माणसं यातून परत का येत नाहीत, आणि गोऱ्यांची का येतात? तिने हे भांडायला विचारलं नाही, जाणून घ्यायला विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तुमच्याकडची माणसं उशिरा येतात, आणि आली तरी त्यांना पुढे उशिराच पाठवलं जातं. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. दोघं एकाच दिवशी, सारखाच रोग घेऊन आले, तरी पुष्कळदा तुमचा माणूस मागे पडतो. त्यातलं काही आम्ही कोणते उपचार देतो त्यावर आहे, काही घरी परतल्यावर त्याला काय मिळतं त्यावर. बाकीचं आम्हाला अजून नीट कळलेलं नाही.

"हं," ओला मे म्हणाली. "निदान हवा तरी म्हणाला नाहीत."

क्लिओला कापलं, आणि महिन्याने शेकायला सुरुवात केली. हेंब्रीने सांगितलेलं सगळं खरं निघालं, फक्त त्याने कमी करून सांगितलं होतं. थुंकी गिळणं हे काम असतं हे क्लिओला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि काम म्हटल्यावर तो ते नीट करू लागला. गिळायला शिकवणारी मुलगी जितक्या वेळा सांगे तितक्या वेळा तो जबडा वर उचलून धरी. एकही वेळ चुकवली नाही, एकही वेळ जास्त केली नाही. मक्याच्या लापशीची वाटी संपवायला त्याला अर्धी सकाळ लागे. शेवटचा चमचा तो वाटीच्या कडेने निपटून घेई. आवाज खरखरीत झाला, पण उरला. चर्चमध्ये तो उभा राहून थोडं बोललाही, लूशियसविषयी. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. किती जणांनी मनावर घेतलं ते सांगता येत नाही.

दोन उन्हाळे बरे गेले. दुसऱ्यात त्याने ओला मेच्या ओसरीचा उतार नव्याने करून दिला. व्हर्नेल काँक्रीट कालवायला आणि हेंब्री समोर गुडघे टेकायला होता. दोघा म्हाताऱ्यांना खाली बसता आलं, उठताना खांब धरावा लागला. त्या पानगळीला क्लिओच्या फुप्फुसात डाग दिसले. डॉक्टर प्रिचर्डनी खोटं सांगितलं नाही, आणि त्यानेही तशी अपेक्षा केली नाही.

मरणाची त्याला भीती नव्हती असं म्हणता येणार नाही. पण जास्त टोचत होती ती दुसरीच गोष्ट. मी गेलो की हे लोक काय म्हणतील, असं तो व्हर्नेलला पुन्हा पुन्हा विचारी. म्हणतील, बघा, कापून घेतलं, हवा लागली. सगळी मेहनत उलटी माझ्याच नावावर चढेल. पुढचा कुणी जाणार असेल तो जाणार नाही. आणि सिसच्या डोक्यावर आणखी एक भाऊ बसेल.

हेंब्री भेटायला आला तेव्हा क्लिओने त्याला खूण करून जवळ बोलावलं.

"माझ्या मयताला येशील?"

"नाही तर कुठे जाणार?"

"टाय लावू नकोस. वरचं बटण उघडं ठेव."

हेंब्रीला आधी चेष्टा वाटली. मग त्याला कळलं आणि त्याने मान हलवली.

क्लिओफस गँट वसंतात गेला. बेथेल चर्च भरलं होतं, सगळ्यांच्या अंगावर पांढरे आणि काळे कडक कपडे. हेंब्री दुसऱ्या रांगेत बसला, जुन्या सुटात, उघड्या गळ्याने. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. टाय न लावता मयताला येणं आमच्याकडे कुत्र्यालाही शोभत नाही.

पुरून आल्यावर तळघरात जेवण मांडलं होतं. पायाखालचा कोबा क्लिओचाच होता, पण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष कोंबडीवर होतं. क्लिओचा चुलतभाऊ थर्मन ताट भरून घेताना म्हणाला ते अपेक्षेप्रमाणेच म्हणाला.

"बिचारा. कापलं नसतं तर अजून असता. हवा लागली त्याला."

व्हर्नेल उठायला निघाली. ओला मेने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि स्वतः बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तळघरातले बाकीचे आवाज खाली आले, कारण लूशियसपासून आजवर तिला या गोष्टीवर चारचौघांत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"हवा नाही, थर्मन. उशीर. लूशियसलाही उशीरच झाला होता. मला त्या दिवशीच डॉक्टरने सांगितलं होतं." तिने हेंब्री बसला असेल त्या दिशेला हनुवटी केली. "त्याच्याकडे बघ. त्यालाही असाच उघडला होता."

सगळ्यांनी पाहिलं. हेंब्री हातात लिंबाचं सरबत घेऊन लाल होत बसला. मान मात्र त्याने थोडी वळवून धरली, रेघ दिसावी म्हणून.

थर्मनने ती नीट पाहून घेतली. "गोऱ्यांची हवा वेगळी असते," तो म्हणाला आणि ताटाकडे वळला. दोघं-तिघं हसले. व्हर्नेल हसली नाही. ओला मे म्हणाली, "त्याला लवकर बोलावतात, एवढंच वेगळं असतं." त्यावर कुणी हसलं नाही. पट्टी मारलेल्या काँक्रीटसारखी ती गोष्ट तिथेच पडून राहिली, वरचं पाणी जायची वाट बघत.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ओला मेच्या घरचा फोन वाजला. थर्मनची बायको होती. ती आधी छपराविषयी बोलली, मग हवामानाविषयी. मग आवाज खाली आणून म्हणाली की थर्मनला सांगू नका मी फोन केला म्हणून, पण त्याच्या जिभेखाली एक फोड आहे, तो म्हणतो काही नाही, गरम कॉफीने पोळलंय.

ओला मेने दुखतं का असं विचारलं नाही, काय लावलं असंही विचारलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं, आणि उत्तर नीट ऐकू यावं म्हणून दुसऱ्या कानावर हात ठेवला.